दुसऱ्या रांगेतला बेपत्ता खातेदार

सोमवार, ४ फेब्रुवारी २०१९

आली! यादी आली. सांक्ट गालेनच्या मुख्य शाखेतून, लाल पट्टीच्या पाकिटात. 'दहा वर्षांत ज्यांच्याशी बँकेचा काहीही संपर्क झालेला नाही अशा खातेदारांची नावं महिनाअखेर कळवावीत.' दर फेब्रुवारीला येते आणि एका नावापाशी मला अडवते.

बाकीची दहा-बारा नावं सरळ आहेत. कुणी कॅनडात गेलं, कुणी वारलं आणि मुलांना पासबुक सापडलं नाही, कुणी नुसतंच विसरलं. त्यांचा शोध घ्यायचा, सापडेपर्यंत पैसे जपायचे, खात्याला कुलूप घालायचं, म्हणजे बँकेतल्या दोघांच्या सह्यांशिवाय एक फ्रँकही हलणार नाही. हे काम मला मनापासून आवडतं. गेल्या वर्षी एका म्हातारीची भाची पार ब्राझीलमध्ये सापडली तेव्हा आठवडाभर मी शीळ घालत होते.

पण आल्बिन कुराटली! त्याच्यापुढे काय लिहू? 'संपर्क तुटला'? अहो, तो माणूस दर गुरुवारी माझ्या मागे उभा राहून गातो!

फाइल काढून पुन्हा वाचली. १९७९चं पत्र, सुतारी पेन्सिलीनं लिहिलेलं. 'घरी पत्र पाठवू नये. फोन करू नये. टपाल बँकेतच राखून ठेवावं. गावात भेट झाली तरी खात्याचा विषय काढू नये.' मामाचं जंगल विकून आलेले पैसे. बायकोला पत्ता नाही. चाळीस वर्षं! शेवटचा तो काउंटरवर आला २००६च्या ऑक्टोबरात. म्हणजे नियमाप्रमाणे २०१६पासून गडी बेपत्ता.

दोनदा मी त्याचं नाव यादीतून गाळलं. समोर हिंडता-फिरता, खातापिता माणूस, त्याला बेपत्ता कसं म्हणायचं? आणि कुलूप घातलं की शोध घ्या म्हणतात. शोध म्हणजे पत्र. पत्र म्हणजे त्याच्या बायकोच्या, ट्रूडीच्या हातात!

यंदाही फाइल तळाशी सरकवली. चूक आहे. कळतंय मला.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

शाळेच्या हॉलमध्ये आमच्या गायनमंडळाची तालीम. ईस्टरची चार गाणी, त्यातलं तिसरं आमच्या जिवावर उठलंय. ट्रूडी कुराटली नेहमीसारखी माझ्या डाव्या हाताला. सत्तावीस वर्षं आम्ही दोघी एकाच कागदावरून गातो. तिला चष्मा लागला तेव्हा पान माझ्याकडे सरकलं, मला लागला तेव्हा मध्ये आलं.

मध्यंतरात आल्बिननं चंद्रकोरीसारखं हेझलनटचं गोड गिप्फेल अर्धं मोडून माझ्या हातात दिलं. "घे एल्सबेथ, तू वाळत चाललीस." चौऱ्याहत्तर वर्षांचा झाला, खांदे अजून सुताराचे.

मी मनात म्हणते, बाबा रे, एकदाच ये ना काउंटरवर! एक सही कर, एक पावती घे, 'आज हवा छान आहे' म्हण. तेवढाही संपर्क चालतो. पण तोंडातून काय निघालं? "वाळत नाही रे, कोट जुना आहे."

शनिवार, ९ फेब्रुवारी

इमारतीतल्या सामाईक धुलाईखोलीच्या किल्लीवरून वरच्या मजल्यावरच्या बाईशी वाजलं. शनिवार माझा! यादी लावलेली आहे दारावर. जिंकले.

गुरुवार, २८ फेब्रुवारी

यादी पाठवली. अकरा नावं. बारावं नाही.

ग्रोबनं, आमच्या शाखाप्रमुखानं, न वाचता सही केली. अडतीस वर्षांचा आहे, माणूस चांगला, पण कागद म्हटलं की त्याला जांभई येते. "तुम्ही बघितलंय ना, फ्राउ रुएग? मग झालं."

हो. मी बघितलंय. तेच तर.

सोमवार, ११ मार्च

काय दिवस गेला! क्रमानं लिहिते.

सकाळी नऊला मुख्य शाखेतून आतल्या टपालानं एका पत्राची प्रत आली. वर चिठ्ठी: 'नमुना सहीचं कार्ड तुमच्या शाखेत आहे. सही ताडून जुळते असं कळवा. रक्कम बुधवारी रवाना होईल.' मी चहाचा कप हातात घेऊन वाचायला लागले. खातेदार: आल्बिन कुराटली.

कप ठेवला.

पत्र छापील, खाली सही. 'मी आता लोकार्नोजवळ तळ्याकाठी मुराल्टो इथे राहायला गेलो आहे. यापुढे टपाल या पत्त्यावर पाठवावं. खात्यातली संपूर्ण रक्कम खालील खात्यावर भरावी आणि माझं खातं बंद करावं.' खालचं खातं कुणाचं, तर तिथल्या एका घर-दलालाचं! पाकिटावर शिक्का लोकार्नोचा, मंगळवार, ५ मार्च.

राहायला गेलो? गुरुवारी सात तारखेला तो इथे होता, तिसऱ्या गाण्यात बेसूर लागला म्हणून मास्तरांच्या शिव्या खाल्ल्या! आणि छापील पत्र? आल्बिनला टाइप करता येत नाही. मंडळाच्या वर्गणीची पावतीसुद्धा तो पेन्सिलीनं लिहितो.

फसवणूक कशी ओळखायची याच्या बँकेतल्या वर्गात शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला चार खुणा पाठ करून घेतल्या होत्या. खातं वर्षानुवर्षं गप्प. अचानक नवा पत्ता. सगळी रक्कम एकदम. पैसे तिसऱ्याच्याच नावावर. "असं खातं म्हणजे दार उघडं टाकून गावाला गेलेल्यांचं घर," म्हणाल्या होत्या. "चोराला फक्त एवढंच हवं असतं की कुणी विचारायला येणार नाही." चारच्या चार खुणा!

मग पोलादी कपाट उघडलं, सहीचं कार्ड काढलं, भिंग लावलं. पुन्हा बघितलं. सही जुळते. अगदी 'के'च्या पायातल्या त्या गाठीसकट जुळते.

मी 'जुळते'वर खूण केली नाही. फोन उचलला आणि मुख्य शाखेला म्हणाले, "थांबवा." का म्हणून विचारलं. "कारण हा माणूस लोकार्नोत राहत नाही. तो बास आवाजात गातो आणि माझ्या मागे उभा असतो!" पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाले, "लेखी द्या."

लेखी दिलं. अकरा वाजून वीस मिनिटांनी पैसे थांबले.

सुटले! एका कप थंड चहावर निभावलं. देवा!

मंगळवार, १२ मार्च

सुटले म्हणून आनंद करावा तर ग्रोब दार लावून बसला. "फ्राउ रुएग, या खात्याला कुलूप का नव्हतं? कुलूप असतं तर पत्र आल्याआल्या अडकलं असतं."

बरोबर आहे त्याचं. सगळं सांगितलं. तो केसांतून हात फिरवत राहिला. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं की तो गावातच आहे, म्हणून तुम्ही त्याला बेपत्ता म्हटलं नाही. पण बेपत्ता नाही हे सांगायला त्याच्याशी एक अक्षरही बोलला नाहीत?"

"त्यानं लिहून दिलंय, विषय काढू नये."

"चाळीस वर्षांपूर्वी!"

"लिहून दिलंय."

ग्रोब हसला की रडला, कळलं नाही. आता मुख्य शाखेचं म्हणणं असं: खातेदाराकडूनच खात्री करून घ्या, पण त्याची सूचना मोडू नका. पत्र नको, फोन नको, मुराल्टोच्या पत्त्यावर तर मुळीच नको, तिथे चोरच बसलेला असेल. आणि तोवर पैसे हलणार नाहीत.

म्हणजे आल्बिननं आपणहून बँकेत यायला हवं. बारा वर्षं आला नाही तो!

गुरुवार, १४ मार्च

फसले. मध्यंतरात आल्बिनच्या बाजूला जाऊन उभी राहिले. ट्रूडी लगेच तिथे, हातात कॉफीचे दोन पेले. म्हटलं, "आल्बिन, बँकांच्या वेळा बदलल्यात बरं का, शुक्रवारी आता सहापर्यंत." आल्बिन म्हणाला, "असं?" ट्रूडी म्हणाली, "आम्हाला काय करायचंय, आमचं खातं पोस्टात." आणि दोघंही कॉफी प्यायला लागले.

असं कुणी बोलतं का! मला स्वतःचाच राग आला. घरी येऊन बटाटा-मॅकरोनीवर सफरचंदाचा गर ओतला आणि उभ्यानंच खाल्लं.

शनिवार, १६ मार्च

डोंगरावरून गरम फ्योन वारा सुटलाय. डोकं ठणकतंय. बर्फ एका दिवसात निम्मं वितळलं.

तो चोर कोण असेल, हाच विचार. ग्रोब म्हणतो रद्दीतून कागद मिळाला असेल. लोक रद्दीचे गठ्ठे सुतळीनं बांधून रस्त्यावर ठेवतात, कुणीही उचलतं. पण आल्बिनच्या घरी आमच्या बँकेचा कागद आहेच कुठे? सगळं टपाल माझ्या कपाटात पडून आहे, चाळीस वर्षांचं, न फोडलेलं.

मग त्या माणसाला खात्याचा नंबर कळला कसा?

विचार पुढे नेला आणि नको वाटलं. नंबर, सही, सूचना, हे सगळं एकाच माणसाच्या हाताखाली आहे. माझ्या.

गुरुवार, २१ मार्च

जमलं! जमलं! मीच मला शाबासकी देते, दुसरं कोण देणार!

तालीम संपल्यावर खुर्च्या रचायच्या असतात. मुद्दाम आल्बिनच्या रांगेत गेले. ट्रूडी दोन पावलांवर होतीच. असू दे म्हटलं. "आल्बिन, जानेवारीत आमच्याकडे नवी ओकची फरशी बसवली. काउंटरपाशी पाय पडला की करकरते. बसवणारे म्हणतात, लाकूड असंच असतं. तू येऊन सांग बाबा खरं काय ते."

सगळं खरं आहे. करकरतेच ती.

आल्बिनच्या हातातली खुर्ची हवेत राहिली. चेहरा चुन्यासारखा झाला. त्याला कळलं, मला कळलं की त्याला कळलं. पण बोलला कोण, तर ट्रूडी! "जा की. घरात बसून तरी काय करतोस? सोमवारी जा."

"सोमवारी," आल्बिन म्हणाला.

खात्याचा विषय मी काढलेला नाही. एक अक्षरही नाही. उद्या ग्रोबला लिहून देते.

सोमवार, २५ मार्च

आला. दहाला पाच कमी असताना. अंगात चर्चला जायचा कोट. दारातच थांबून त्यानं फरशीवर टाच दाबली. लाकडाला फुगायला फट ठेवली नाही, म्हणाला. कुणी बसवली ही, गाढवानं? मग मी त्याला आतल्या छोट्या खोलीत नेलं.

किती विचित्र! गुरुवारी आम्ही अरेतुरे करतो. आतल्या खोलीत तो म्हणाला, "नमस्कार, फ्राउ रुएग." मी म्हटलं, "बसा, हेर कुराटली." दोघांपैकी कुणालाही हसू आलं नाही.

पत्र समोर ठेवलं. त्यानं चष्मा पुसला, लावला, पुन्हा काढून पुसला. फार वेळ वाचत होता. एवढुसं पत्र, त्याला एवढा वेळ? मी घड्याळाकडे बघायचं टाळलं. तो 'नाही' म्हणाला तर मी वाचले आणि त्याचे पैसे वाचले. तो 'हो' म्हणाला तर मी एका खातेदाराची रक्कम दोन आठवडे विनाकारण अडवून धरलेली बाई.

"पैसे गेले?" त्यानं विचारलं.

"एक फ्रँक नाही. जागच्या जागी आहेत."

त्यानं श्वास सोडला. मोठ्यानं, पोटातून, गाणं संपल्यावर सोडतो तसा. मग म्हणाला, "ही माझी सही नाही."

माझा जीव भांड्यात पडला! नियम नसता तर त्या माणसाचा मुका घेतला असता. डोळ्यांत पाणी आलं ते शिंक आली म्हणून झाकलं. 'सही माझी नाही' असा छापील कागद असतो, तो पुढे केला. त्यावर त्यानं सही केली. 'के'च्या पायात तीच गाठ.

"पोलिसात तक्रार करायची का? तुमचा हक्क आहे."

"नको, नको. काही गेलं नाही ना? मग कशाला गावभर?" आणि मग, खाली बघत: "हे पत्र कुणाकुणानं वाचलं?"

मी, ग्रोब आणि मुख्य शाखेतले दोघं. "भिंती जाड आहेत आमच्या, हेर कुराटली," म्हटलं. त्यानं मान हलवली.

सूचना बदलायची का, विचारलं. नको म्हणाला, पत्र नकोच. पण वर्षातून एकदा मी स्वतः येऊन तोंड दाखवीन. मी लिहून घेतलं, तारीख घातली, शिक्का मारला. संपर्क प्रस्थापित! बारा वर्षांनी, चार मिनिटांत. इतकं सोपं होतं हे. दोघंही सभ्यपणापायी गप्प बसलो आणि तेवढ्यात चोर आत शिरत होता.

जाताना दारात वळून म्हणाला, "फट ठेवायला सांगा. भिंतीलगत एक बोट."

शुक्रवार, २९ मार्च

मुख्य शाखेतून फ्राउ शेरर आल्या होत्या, चौकशीला. करडे केस, करडा सूट, आवाजही करडा. दोन तास.

"या खात्याची माहिती शाखेत कुणाला होती?"

"मला."

"सहीचं कार्ड कुणाच्या ताब्यात असतं?"

"माझ्या."

"आणि दोन वर्षं, खरं तर तीन, हे नाव यादीतून कुणी गाळलं?"

"मीच."

त्या लिहीत राहिल्या. मग पेन ठेवून म्हणाल्या, "फ्राउ रुएग, तुमच्या जागी मी असते तर मलाही माझाच संशय आला असता. ज्या खात्याकडे कुणी बघत नाही, तिथे बाहेरच्यांपेक्षा आतल्यांचे हात जास्त पोचतात. आमचा अनुभव आहे. कुलूप मुद्दाम लावायचं नाही, पत्र कुणाकडून तरी पाठवायचं, आणि ऐन वेळी घाबरून स्वतःच आरडाओरडा करायचा."

एकतीस वर्षं काउंटरवर काढली. कुणाच्या हिशेबात पाच पैशांचा घोळ नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आणि मला हे ऐकावं लागलं. मी रडले नाही. म्हटलं, "घाबरले असते तर गप्प बसले असते. घाबरणारी माणसं फोन करत नाहीत."

त्यांनी तेही लिहून घेतलं.

रविवार, ३१ मार्च

चर्चला गेले नाही. उद्या गावात कळलं तर? बेकरीत काय म्हणतील, ट्रूडी काय म्हणेल? ती अजून माझ्याकडून अर्धं पान घेऊन गाते.

सोमवार, १ एप्रिल

काही नाही. फोन वाजला की उडते.

बुधवार, ३ एप्रिल

सुटले! आता खरोखर सुटले!

फ्राउ शेररनी स्वतः फोन केला. संगणकात सगळं दिसतं म्हणे. ते खातं चार वर्षांत फक्त माझ्या नावानं उघडलं गेलं, दर वर्षी फेब्रुवारीत एकदा, तीन-चार मिनिटं, आणि मग ११ मार्चला. कपाटाच्या किल्लीची वहीसुद्धा तेच सांगते. पाच मार्चला मी दिवसभर काउंटरवर, सदतीस माणसांना पावत्या दिलेल्या. "तुमचा काही संबंध नाही. मी तसं लिहून दिलंय." मग म्हणाल्या, "बोलले ते कामाचा भाग म्हणून."

"समजलं," म्हटलं. समजलंच होतं. तरी फोन ठेवल्यावर मी ग्रोबच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यानं मला पाणी आणून दिलं, चक्क स्वतः उठून!

चोर मात्र मिळत नाही. त्या घर-दलालाला विचारलं, तर उत्तर आलं, 'आम्ही आमच्या ग्राहकांविषयी कुणाशी बोलत नाही.' घ्या! आणि सह्या ताडणारे तज्ज्ञ म्हणतात, पंचवीस वर्षांत इतकी सुंदर नक्कल बघितली नाही. पोलिसही म्हणाले, नुकसान नाही, तक्रार नाही, बंद करू.

करा बंद. मला हायसं वाटतंय, एवढंच कळतंय.

गुरुवार, ११ एप्रिल

मुख्य शाखेचं पत्र. एकाच कागदावर ताकीद आणि कौतुक! वरच्या परिच्छेदात 'यादीतून नाव गाळणं हा गंभीर हलगर्जीपणा', खालच्यात 'आपल्या सावधपणामुळे मोठी फसवणूक टळली'. आणि तळाशी: सप्टेंबरपासून खोऱ्यातल्या सगळ्या शाखांना मी शिकवायचं! गप्प खातेदाराशी बोलायचं कसं. मी! जिला बारा वर्षं जमलं नाही!

ग्रोबनं केक आणला होता. फरशीवाले पण येऊन गेले. भिंतीलगत एक बोट फट ठेवली. करकर थांबली.

संध्याकाळी तालीम. आल्बिन बरा गायला. ट्रूडी गप्प होती, दोनदा चुकीच्या जागी श्वास घेतला. तिसरं गाणं अखेर बसलं.

शुक्रवार, १९ एप्रिल

गुड फ्रायडे. अंडी रंगवली, कांद्याच्या सालीत उकळून. बारा. खाणार कोण, मी एकटी! वरच्या मजल्यावरच्या बाईला सहा देऊन आले. तीही बिचारी एकटीच. शनिवारची किल्ली पाहिजे असेल तर घे म्हटलं.

खूप दिवसांनी झोप लागतेय.

रविवार, २१ एप्रिल, ईस्टर

चर्चमध्ये, दुसऱ्या गाण्याआधी, ट्रूडी माझ्या कानाशी आली. पत्र आल्बिनचंच होतं म्हणाली. पेन्सिलीचा खर्डा तिला धुवायच्या पँटच्या खिशात सापडला होता. तो तिकडे जाऊन आला तेव्हा दलालाच्या पोरानं ते छापून दिलं, त्यानं सही करून तिथेच टपालात टाकलं. "कुणी बाई नव्हती गं, नुसतं तळं. त्याला तळ्याकाठी एकटं राहायचं होतं. दीड महिना बॅग भरून तळघरात ठेवली होती. मी जाऊन रोज बघायचे, आहे का गेली. काल त्यानं सगळे शर्ट परत कपाटात लावले आणि वाफ्याला कुंपण घालायला घेतलं. पैसे तू अडवलेस, एल्सबेथ."

मी म्हटलं, "कसले पैसे?" दुसरं काय म्हणणार! नियम आहे.

तिनं माझा हात धरला आणि गाणं सुरू झालं तरी सोडला नाही.